खेळाचं यंत्र घरात कशाला?



आठ घरांनी मिळून आठ यंत्रं एकदम मागवायची, म्हणजे प्रत्येकी ७५ हजारांत पडतील, असा प्रस्ताव सध्या आपल्या मंडळात फिरतो आहे. यंत्र म्हणजे घरघंटी नव्हे की पाणी शुद्ध करायचं नव्हे. पिनबॉलचं. मॉलच्या गेम झोनमध्ये असतं तसं उभं कपाट, पुढे आडवा पडदा, दोन्ही बाजूंना बटणं आणि आत पिनबॉलसकट शेकडो खेळ भरलेले. दिवाळीच्या आत नोंदणी केली तर वाहतूक खर्च माफ. प्रस्ताव मांडणाऱ्या वहिनी मनाने चांगल्या आहेत आणि हेतूही चांगला आहे. मुलं मॉलमध्ये भटकण्यापेक्षा घरात डोळ्यांसमोर खेळतील, एवढंच त्यांचं म्हणणं. माझा या प्रस्तावाला विरोध आहे. बैठकीत मी तो बोलून दाखवायला लागले तर "काकू, तुम्ही कॅरमच्या जमान्यातल्या" म्हणून हशा झाला आणि विषय पुढे गेला. म्हणून इथे लिहिते. इथे मला मध्येच कुणी चहा आणून देणार नाही.

आधी एक सांगते. मी खेळाच्या विरोधात नाही, आणि मुलांनी दिवसभर स्तोत्रं म्हणत बसावं असंही माझं म्हणणं नाही. पिनबॉल मला स्वतःला आवडतो. काचेखाली उतरतं टेबल, त्यावर पोलादी गोळी, स्प्रिंगचा दट्ट्या ओढून ती वर सोडायची आणि खाली येऊ लागली की दोन लहान पट्ट्यांनी पुन्हा वर टोलवायची. ज्यांना हे परकं वाटतं त्यांनी आपली बगाटेली आठवावी. लाकडी फळी, त्यावर खिळ्यांच्या कमानी, कमानीत आकडे आणि लोखंडी छर्रे. दोन्ही एकाच घराण्यातली. माँटेग्यू रेडग्रेव्ह नावाच्या माणसाने १८७१ साली अमेरिकेत बगाटेलीला स्प्रिंगचा दट्ट्या बसवायचं पेटंट घेतलं आणि तिथून पिनबॉल सुरू झाला. टोलवायच्या पट्ट्या बऱ्याच उशिरा, १९४७ साली आल्या. तोवर गोळी सोडली की नशिबावर हवाला.

आमच्या सांगलीकडच्या वाड्यात बगाटेली एकच होती. बिऱ्हाडं नऊ. ज्यांची होती त्यांच्या ओसरीवर ती असायची आणि मे महिन्यात दुपारी तिथे वीस पोरं. आपली पाळी यायला अर्धा तास लागे. त्या अर्ध्या तासात भांडणं होत, हिशेब होत, लहानग्याला "हा कच्चा लिंबू" म्हणून दोन छर्रे जास्त मिळत, आणि दुसऱ्याचा छर्रा शंभरच्या कमानीत गेला की पोट दुखत असूनही वा वा म्हणायला शिकावं लागे. छर्रा सोडायला काय लागतं? दोन सेकंद. उरलेलं सगळं शिक्षण त्या अर्ध्या तासातलं होतं. आता प्रत्येक घराला एक यंत्र म्हणजे तो अर्धा तास आपण पैसे देऊन काढून टाकतो आहोत.

या यंत्राचा जन्मच मुळी वाटून खेळण्यासाठी झाला. १९३१ साली अमेरिकेत मंदी होती, लोकांच्या हातात पैसा नव्हता, तेव्हा गॉटलीब कंपनीचं 'बॅफल बॉल' निघालं. दुकानदाराला ते साडेसतरा डॉलरला मिळे आणि गिऱ्हाईक एक सेंट टाकून खेळे. एवढीशी चैन स्वतःच्या घरी आणणं कुणालाच परवडणारं नव्हतं, म्हणून ती कोपऱ्यावरच्या दुकानात ठेवली. आपल्याकडे इराण्याच्या हॉटेलात ज्यूकबॉक्स असे, तशीच गोष्ट. नाणं माझं, गाणं सगळ्यांचं.

आता धर्माकडे येते, कारण वहिनींनी बैठकीत धर्माचंच नाव घेतलं होतं. "बाहेर नाना पापं, घरात सगळं शुद्ध" असं त्या म्हणाल्या. हे वाक्य मला पटत नाही. आपल्या श्रावकाच्या व्रतांत पापाची जागा घराबाहेर आणि पुण्याची जागा घरात अशी वाटणी कुठेही नाही. उलट पाचवं अणुव्रत घराच्या आतच डोकावतं. परिग्रह परिमाण. समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात या व्रताचे अतिचार सांगितले आहेत, त्यात 'अतिसंग्रह' सरळ नावाने आहे. पुढे अनर्थदंडाच्या अतिचारांत 'अतिप्रसाधन' आहे, म्हणजे गरजेपेक्षा जास्त भोगाची साधनं गोळा करणं. हे मी दर दशलक्षणात ऐकते, तुम्हीही ऐकता. उत्तम आकिंचन्याच्या दिवशी आपण माना डोलावतो आणि पौर्णिमेनंतर यंत्राची नोंदणी करतो!

त्याच ग्रंथात भोग आणि उपभोग असा एक भेद आहे, तो मला या प्रश्नाला फार उपयोगी वाटतो. एकदा वापरून जे संपतं तो भोग, जसं जेवण. जे पुन्हा पुन्हा वापरायला शिल्लक राहतं तो उपभोग, जसं वस्त्र. मॉलमध्ये जाऊन तीन डाव खेळले, घरी आले, तो भोग झाला. झाला आणि संपला. तेच यंत्र घरात आणलं की उपभोगाची वस्तू झाली. ती रात्री झोपलेली असते तेव्हाही माझी असते, मी यात्रेला गेले तरी माझी असते, तिला चरा पडला तर माझ्या छातीत धस्स होतं. परिग्रह म्हणजे नुसती वस्तू नव्हे, वस्तूवरची मूर्च्छा, हे तर पाठशाळेतली मुलंही सांगतील. तीन डावांवर मूर्च्छा कशी आणि किती होणार? कार्ड खिशात घातलं की विषय मिटला. दिवाणखान्यातल्या ७५ हजारांच्या कपाटावर मात्र होणारच. पाहुण्यांचं पोर त्यावर हात आपटायला लागलं की आपल्या तोंडावर जे उमटतं, ते आरशात बघा एकदा.

श्वेतांबर भगिनी रोज चौदा नियम धारतात, आज इतकी द्रव्यं, इतकी वाहनं, इतक्या दिशा. आपल्याकडेही काळाची मर्यादा घालून केलेला त्याग म्हणजे नियम आणि जन्मभराचा तो यम. खेळाला नियम लावायचा तर बाहेरचा खेळ सोपा. पैसे संपले, वेळ संपली, चला. घरच्या यंत्राला नाणंच लागत नाही. तिथे 'आता पुरे' म्हणायला आई लागते, रोज, दिवसातून चार वेळा, आणि चौथ्या वेळी आवाज चढवून. सामायिक ४८ मिनिटांचं असतं आणि त्यालाही आपल्याला घड्याळ लागतं, मग बारा वर्षांच्या पोराकडून शेकडो खेळ भरलेल्या पेटीसमोर संयमाची अपेक्षा कशी करायची?

मी कॉमर्सची पदवीधर. लग्नानंतर नोकरी केली नाही, पण घरची वही आजही मीच लिहिते. तेव्हा हिशेबही मांडते. यंत्र ७५ हजारांचं. पाच वर्षं चाललं असं धरू, त्यानंतर भंगाराला काही येणार नाही असंही धरू. वर्षाला घसारा १५ हजार. तेच ७५ हजार सात टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला ५,२५० आले असते, ते बुडाले. झाले २०,२५०. महिन्याला साधारण १,७०० रुपये, वीज आणि दुरुस्ती सोडून. आता बाहेरचा हिशेब. दोन मुलं, महिन्यातून दोनदा, प्रत्येकी ३०० रुपये, म्हणजे १,२०० आणि रिक्षाचे २००. एकूण १,४००. वहिनी म्हणतील, काकू, फरक तीनशेचा, त्यासाठी एवढा मोठा लेख? पण फरक तीनशेचा नाही. घरच्या यंत्राचा खर्च हा स्थिर खर्च आहे. मूल खेळो न खेळो, घसारा पडतोच. बाहेरचा खर्च बदलता आहे. परीक्षा आली, चातुर्मासात नियम घेतला, मुलाला कंटाळा आला, की खर्च त्या महिन्यात शून्य. आणि कंटाळा येणारच. माझ्या माहितीतल्या तीन घरांतल्या व्यायामाच्या सायकलींवर आज ओले टॉवेल वाळतात. चौथ्या घरातली गच्चीत गंजते आहे.

जागेचा हिशेब तर कुणी केलेलाच नाही. कपाट आणि त्यापुढे उभं राहणारं माणूस मिळून २४ चौरस फूट तरी जातात. चौरस फुटाला सात हजार धरा. १ लाख ६८ हजारांची जागा झाली, म्हणजे यंत्राच्या दुप्पट. आपण वसईकरांनी एकेक फूट हप्ते भरून घेतलेला आहे. ज्या घरात आजीचं सामायिकाचं आसन मांडायला कोपरा नाही म्हणून ती पलंगावर बसते, त्या घरात यंत्राला कोपरा निघतो, हे मला समजत नाही.

खरं अमेरिकन पिनबॉल मागवणारे शौकीनही असतात. त्यांच्या नव्या यंत्राची किंमत तिकडेच सात हजार डॉलरच्या घरात, वजन शंभर किलोच्या वर, आत विजेच्या गुंडाळ्या, रबरी कडी, दिवे, शेकडो सुटे भाग. आमच्या पश्चिमेला खारा वारा आहे. दरवाजाची कडी तीन वर्षांत गंजते. त्या यंत्राला इथे हात लावणारा मिस्त्री कोण मिळणार? आणि २०१८ चा जुलै इतक्या लवकर विसरलात का? तळमजल्यांत पाणी, वीज गेलेली, लोकांनी गाद्या आणि पोथ्या डोक्यावर घेऊन शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर नेल्या. जे उचलून नेता आलं ते वाचलं. हे कपाट कोण उचलणार होतं?

आता जे लिहिते ते बैठकीत बोलायची माझी हिंमत झाली नसती. यंत्र घरात आलं की ते पुसणार कोण? मुलगा खेळणार, त्याचे मित्र येणार, मित्रांना सरबत आणि चिवडा लागणार, बोटांचे तेलकट डाग पडद्यावर पडणार, मागच्या बाजूला जाळी आणि मुंग्या होणार. ती मुंगी जपून बाजूला करणारी, कपाट सरकवून झाडणारी, सरबताचे पेले घासणारी कोण? पुरुषांची सही आणि बायकांची फरशी, हे घरातल्या प्रत्येक 'सोयी'चं झालं आहे. पावसाळ्यात संध्याकाळी आपण जीव पडू नयेत म्हणून दिवे कमी लावतो. आता कोपऱ्यात एक लखलखणारी पेटी आणि तिच्याभोवती पाकोळ्या. मॉलमध्येही दिवे असतात, हे मला कबूल आहे. पण ते मी नसले तरी लागतात आणि मी असले म्हणून वाढत नाहीत. घरचे मी लावलेले असतात. कृत, कारित, अनुमोदन यांत कृताचं वजन वेगळं असतं, एवढं तरी आपण मानतो.

आणि मुली. "डोळ्यांसमोर राहतील" हे वाक्य मुलांसाठी म्हटलं जातं आणि लागू होतं मुलींना. मुलगा यंत्र असलं तरी सायकल काढून राजोडीच्या समुद्रावर जाणारच, त्याला कुणी अडवत नाही. मुलीला मात्र आता सांगता येईल की घरात एवढं महागडं आणून ठेवलं आहे, आता बाहेर कशाला जायचं? ऐंशीच्या दशकात मुंबईत आणि उपनगरांत व्हिडिओ गेमची पार्लरं निघाली. अंधाऱ्या खोल्या, दाराला पडदा, आत सगळी पोरं. माझ्या वयाची एकही बाई मला अशी भेटलेली नाही जी तरुणपणी त्या पडद्याच्या आत गेली. कॅरमही नाक्यावरच्या क्लबात मुलांचा आणि माजघरात आपला. आज मॉलमधल्या उजेडात माझी नात आणि तिच्या मैत्रिणी कपाळावरचा घाम पुसत त्या पट्ट्या बडवतात, शेजारी अनोळखी मुलगा उभा असतो, तो म्हणतो "ताई, तुमचं झालं की मी", आणि ती म्हणते "दोन मिनिटं थांब". हे दोन मिनिटं थांब म्हणणं तिच्या आजीला कधी जमलं नव्हतं. एवढं मिळालेलं परत दिवाणखान्यात कोंडून घालायचं, तेही ७५ हजार मोजून?

विरोधातले मुद्दे मला माहीत आहेत. सगळ्यात मोठा जुगाराचा. सप्तव्यसनांत पहिलं द्यूत आणि पांडवांची कथा आपल्या हरिवंशपुराणातही आहे, तेव्हा हा मुद्दा मी हसून टाळणार नाही. पिनबॉलवर हा आरोप जुनाच आहे. न्यूयॉर्कच्या ला गार्डिया नावाच्या महापौरांनी १९४२ साली तिथे पिनबॉलवर बंदी घातली, पोलिसांनी यंत्रं घणाने फोडली. यंत्रांमागे गुंडांचा पैसा आहे आणि शाळकरी मुलांचे खाऊचे पैसे त्यात जातात, हे कारण. बंदी ३४ वर्षं टिकली. १९७६ साली रॉजर शार्प यांनी नगर परिषदेच्या लोकांसमोर यंत्र मांडून, गोळी कुठून जाणार ते आधी सांगितलं आणि तिथूनच घालून दाखवली. हा नशिबाचा खेळ नाही, हाताचा आहे, हे सिद्ध झालं आणि बंदी उठली. आपल्याकडचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ सालचा आहे आणि तोही निव्वळ कौशल्याचा खेळ वगळतो.

पण म्हणून गेम झोनमधलं सगळंच निर्दोष असं मी म्हणत नाही. व्हिडिओ गेमच्या नावाखाली जुगार आणि मग पोलिसांची धाड, या बातम्या ठाणे-पालघरकडे नव्या नाहीत. त्या जागा ओळखू येतात, दाराला अजूनही पडदाच असतो. मॉलमधल्या ज्या यंत्रातून तिकिटांची माळ निघते आणि माळेच्या बदल्यात खेळणं मिळतं, तिथेही मी मुलांना जाऊ देत नाही. चिमट्याने बाहुली उचलायचं यंत्र तर मुळीच नाही. त्या चिमट्याची पकड किती घट्ट ठेवायची ते मालक आतून ठरवू शकतो. मूल समजतं आपला नेम चुकला. ती सवय म्हणजे द्यूताचं बालवाडीतलं रूप. पिनबॉल, बास्केटबॉल, एअर हॉकी खेळा. तिथे गुण मिळतात, बक्षीस नाही, आणि गुण घरी आणून ठेवता येत नाहीत हेच त्यातलं चांगलं. शिवाय आजचा जुगार मॉलमधून येतच नाही. तो फोनमधून येतो, थेट अंथरुणात. संसदेला ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा करावा लागला तो घरात बसून हरलेल्या लोकांमुळे. घर सुरक्षित आणि बाजार धोक्याचा, हे गणित तिथेच चुकतं.

कार्डाची एक चीड मलाही आहे. रुपये घेऊन त्याचे 'पॉइंट' करतात, कमीत कमी अमुक भरा म्हणतात आणि शेवटी १७ किंवा २३ असं काहीतरी उरतं ज्यात एकही खेळ बसत नाही. हा न परत केलेला पैसा कुणाच्या तरी नफ्यात जातो. याला उपाय मुलांनाच करायला लावा. माझ्या नातवाने काउंटरवर किमतींचा तक्ता बघून आधी भागाकार केला आणि मग किती भरायचं ते सांगितलं. शून्य उरलं. त्याला गणिताच्या पुस्तकाने एवढा आनंद कधी दिला नव्हता.

खाण्याचं म्हणाल तर, मैत्रिणींनो, हा मुद्दा मला मुद्दा वाटत नाही. फूड कोर्टात बटाटा आहे, सामिष आहे, सगळं आहे. मग तीन वाजता घरून खाऊन निघा, साडेपाचला परत या, सूर्यास्ताच्या आत ताटावर बसा. आगाशीला मुनिसुव्रत स्वामींच्या दर्शनाला जाताना वाटेत वडापावच्या गाड्या लागत नाहीत का? म्हणून कुणी दर्शन सोडलं नाही. उलट 'नाही, मला नको' हे मुलाने शिकायचं कुठे? आईनेच कधी बटाटा आणला नाही त्या घरात नकार द्यायची वेळच येत नाही.

आगीची भीती मात्र खरी आहे आणि ती मी कमी लेखत नाही. २५ मे २०२४ ला राजकोटच्या टीआरपी गेम झोनमध्ये आग लागली आणि २७ जीव गेले, त्यात लहान मुलं होती. वेल्डिंगचं काम चालू, आत इंधनाचा साठा आणि अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखलाच नाही. त्या रात्री मी बातम्या बंद करून बसले होते. पण आपल्या विरारमध्येच एप्रिल २०२१ मध्ये रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून माणसं गेली, म्हणून आपण रुग्णालयात जायचं थांबवलं का? दुसरा दरवाजा कुठे आहे ते आत शिरताना विचारायचं. दाखला भिंतीवर नसेल तर परत फिरायचं, आणि का परतलो ते काउंटरवर मोठ्याने सांगायचं. पत्र्याच्या शेडमध्ये तर पाऊलच ठेवायचं नाही. आठ बायका मिळून यंत्रं मागवू शकतात, तर आठ बायका मिळून महापालिकेत एक अर्जही देऊ शकतात. त्याला ७५ हजार लागत नाहीत.

ज्यांना यंत्रांचा संग्रहच करायचा आहे त्यांना एक माणूस सांगते. अमेरिकेत टिम अर्नोल्ड यांनी शेकडो पिनबॉल यंत्रं जमवली. आपल्या भाषेत पक्का अतिसंग्रह. पण मग २००६ साली त्यांनी लास व्हेगासमध्ये ती सगळ्यांसाठी मांडली. कुणीही या, नाणं टाका, खेळा, आणि उरलेला पैसा दानधर्माला. त्या शहरात पावलोपावली जुगार असताना हा माणूस नुसता खेळ ठेवून बसला. त्याला आपली व्रतं ठाऊक नसणार, पण संग्रहाचं दान कसं करायचं ते त्याला आपल्यापेक्षा बरं कळलं.

एका घराचा अपवाद मी करते आणि कोणतं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. ज्या मुलाला जिना उतरवत नाही, ज्याला मॉलमध्ये नेणं म्हणजे चार माणसांचं काम आहे, त्याच्या घरी यंत्र जरूर यावं. तिथे ती चैन नाही. त्यासाठी वर्गणी काढा, पहिले पाच हजार माझे. एकच अट, यंत्र आलं की रविवारी बाकीच्या मुलांनी त्याच्या घरी पाळीने खेळायला जायचं. त्या घरात आजवर आपली मुलं किती वेळा गेली आहेत, मोजा. आठ घरांत आठ यंत्रं आली तर ती पुढेही जाणार नाहीत.

सातांची नोंदणी थांबवा एवढीच माझी मागणी आहे. पुढच्या रविवारी मी पाच मुलांना घेऊन जाणार आहे, तीन मुली, दोन मुलगे. अडीच वाजता वसई रोडला पश्चिमेला तिकीट खिडकीपाशी. प्रत्येकाकडे ३०० रुपये, त्यापेक्षा एक रुपया जास्त नको, पाण्याची बाटली उकळलेल्या पाण्याची, आणि पोटभर खाऊन यायचं. वहिनी, तुमच्या धाकटीलाही पाठवा. मी सहाच्या आत आणून सोडते.